७५ लाखांची गाडी: किंमत वेगळी आणि शेप वेगळा असं धरून भांडू नका

अरे भाच्या, रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोह्यांच्या प्लेटी हातात धरून तू आणि तुझा तो आयटीवाला मित्र जे भांडलात ते मी शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकलं, मध्ये बोललो नाही कारण जलेबी गरम होती. मग रात्री तू मेसेज टाकलास की मामा, तुम्ही एवढी वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकताय, तुम्हीच सांगा ती दोन सीटांची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार, एमजी सायबरस्टर, ७५ लाखांची आहे का आणि ती मागून एवढी विचित्र का दिसते. तुझं म्हणणं, चीनमध्ये बनलेली गाडी, ७५ लाखात बॅज मिळतो, आणि मागचे ते बाणासारखे लाल दिवे म्हणजे लहान पोराचं खेळणं. मित्राचं म्हणणं, ५१० पीएस ताकद, शंभरपर्यंत ३.२ सेकंद, वर उघडणारी दारं, दुसरीकडे एवढ्यात कोण देतंय, फुकट आहे भिया. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

आधी एक सांगून टाकतो, मी इंजिनवाला माणूस नाही. माझं शेड देवास नाक्याकडे, काम डेंटिंग-पेंटिंगचं, २८ वर्षं झाली. त्यामुळे गाडी चालवायला कशी हे मला विचारू नकोस. ही गाडी मी मुंबईला लग्नाला गेलो होतो तेव्हा वीस मिनिटं फिरून फिरून पाहिली, चालवलेली नाही. पण शेप म्हणजे काय आणि शेपला पैसे कुठे लागतात हे मला माहितीये, आणि तुम्ही दोघं चुकताय ते इथेच. तो फक्त किंमतीवर बोलतोय, तू फक्त दिसण्यावर, आणि दोघंही धरून चाललाय की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाडीत त्या एकच असतात रे. पत्र्याची प्रत्येक क्रीज म्हणजे घडी, प्रत्येक दार, प्रत्येक दिवा कुठेतरी बिलात असतोच, फक्त वेगळा छापलेला नसतो.

एके काळी तो वेगळा छापलेला असायचा, आणि त्याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच इंदूरचं आहे. यशवंतराव होळकर दुसरे, माणिकबाग बांधणारे महाराज, त्यांनी १९३५ च्या सुमाराला अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली. तेव्हा ड्यूसेनबर्ग कंपनी तुला चाकं, इंजिन, रेडिएटर असा चालता सांगाडा विकायची, ज्या 'मॉडेल J' वरून ही एसजे निघाली ते आलं तेव्हा नुसत्या चेसिसची किंमत ८,५०० डॉलर होती, बॉडी ज्याची त्याने हव्या त्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. महाराजांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली, लांब चेसिस आणि त्यावर फक्त दोन सीटा, मागे होडीच्या टोकासारखी निमुळती शेपूट, रंग केशरी आणि काळा. त्या लांबीवर सात माणसं बसवता आली असती, त्यांनी सगळी लांबी बोनेटला आणि शेपटीला देऊन टाकली. म्हणजे दिसण्यासाठी किती मोजले हे महाराजांना कळलं असणार, कारण चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. आज आपल्याला एक आकडा मिळतो आणि आपण दोन भांडणं करतो.

(आणि त्याच माणिकबागेत आज कस्टम आणि जीएसटीवाल्यांचं ऑफिस आहे. गाड्यांच्या एवढ्या शौकीन राजाच्या महालात टॅक्सची फाईल फिरते, यापेक्षा मोठा विनोद मी केला नाही.)

तर टॅक्सवरूनच सुरू करू, कारण मित्राचं 'फुकट आहे' तिथे उघडं पडतं. गाडी २५ जुलै २०२५ ला आली, आधी नाव नोंदवलेल्यांना ७२.४९ लाख, बाकीच्यांना ७४.९९ लाख, एक्स-शोरूम. इलेक्ट्रिक आहे म्हणून जीएसटी ५ टक्के. ७४.९९ मधून ते ५ टक्के काढ, ७१.४२ लाख राहतात. आता हीच गाडी पेट्रोलची असती तर सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के लागतो, ७१.४२ वर ४० टक्के चढव आणि बघ काय येतं. बरोबर एक कोटी. म्हणजे मित्राला जे २५ लाख स्वस्त वाटतायत ते कंपनीने दिलेले नाहीत, सरकारने घेतलेले नाहीत एवढंच. बीएमडब्ल्यूची तशीच उघड्या छताची झेड-४ एम४० आय २०२३ ला ८९.३० लाखाला आली, ती पेट्रोलची, तिच्यावर पूर्ण टॅक्स, आणि ताकद ३४० हॉर्सपॉवर. दोघींना शेजारी उभं करून 'बघा केवढा फरक' म्हणणं म्हणजे एकाने भात तांदळाच्या भावाने मोजायचा आणि दुसऱ्याने हॉटेलच्या.

आता तुझ्या बाजूचं, की चीनमध्ये तर अर्ध्या किंमतीला मिळते. जवळजवळ खरंय. तिकडे दोन मोटरवाली ३,५९,८०० युआनला आली होती, युआन १२ रुपयांचा धर, ४३ लाख होतात. ब्रिटनमध्ये दोन मोटरवालीची किंमत ५९,९९५ पौंड ठेवली, म्हणजे तेव्हा ६९-७० लाख, त्यात त्यांचा २० टक्के व्हॅट आलाच. म्हणजे आपल्याकडची किंमत ब्रिटनच्या किंमतीपेक्षा पाच-सहा लाखांनीच जास्त आहे, आणि ही गोष्ट कोणी बोललंच नाही. आयात होऊन आलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत असं सहसा होत नाही. फोर्ड मस्टँग आठवते? २०१६ ला ६५ लाखाला आली, व्ही-८ वाली, तीच गाडी अमेरिकेत तेव्हा ३३ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे बावीस-तेवीस लाख. तिप्पट. तेव्हा पण याच छप्पनवर हीच भांडणं झाली होती, फक्त भांडणारे माझ्या वयाचे होते.

मग ही एवढ्यात कशी बसली? हा माझा अंदाज आहे, मी कंपनीत नाही, पण हिशोब बघ. पूर्ण बनून येणाऱ्या गाडीची भाडं-विमा धरून किंमत ४०,००० डॉलरच्या वर असली की सगळं मिळून ११० टक्के ड्यूटी, खाली असली तर ७० टक्के. ४०,००० डॉलर म्हणजे तेव्हा साधारण ३४ लाख. ३४ लाखांवर ११० टक्के लावले तर ७१ लाख तिथेच संपले, डीलरला चहासुद्धा मिळत नाही. ३४ वर ७० टक्के लावले तर ५८ होतात, वर तेरा-चौदा लाख उरतात, त्यात डीलर, शोरूम, जाहिरात, वॉरंटी सगळं बसतं. म्हणजे मला वाटतं गाडी त्या रेषेच्या खाली राहील असा भाव लावून आणली असणार, आणि म्हणूनच ७५. आकडा वरून ठरलेला दिसतो, गाडी त्यात बसवलेली. गंमत म्हणजे लॉन्चच्या आदल्याच दिवशी, २४ जुलैला, भारत-ब्रिटन व्यापार करारावर ब्रिटनमध्ये सही झाली, ज्यात ब्रिटनच्या गाड्यांची ड्यूटी कोट्यापुरती उतरत उतरत १० टक्क्यांवर येणार आहे. एमजी नाव ऑक्सफर्डचं, १९२४ चं, मॉरिस गराजेस. पण गाडी येते चीनमधून, त्यामुळे नावाचा कस्टममध्ये एक पैशाचा उपयोग नाही.

बरं, आता शेप. इथे मी जरा जास्त बोलणार.

तू मागून सुरुवात केलीस, मी मधून करतो. ७७ किलोवॅट-अवरची बॅटरी गाडीच्या तळाला आहे, कंपनी सांगते ११० मिमी जाड. ऐकायला पाच-सहा बोटं. पण स्पोर्ट्स कारमध्ये माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो, तिथे पाच-सहा बोटं म्हणजे सगळा खेळ बदलतो. सीट वर गेली की दाराची वरची कड वर न्यावी लागते, नाहीतर ड्रायव्हर टबातून बाहेर आलेला दिसेल. कड वर गेली की बाजूचा पत्रा उंच, जाड दिसायला लागतो. मग तो जाडपणा लपवायला काय करतात? चाकं मोठी, २० इंची. खाली काळा भाग, म्हणजे रंगीत पत्रा बारीक दिसतो. आणि मागच्या चाकावर खांदा असा फुगवायचा की नजर तिकडे जावी. सायबरस्टरमध्ये हे सगळं आहे. रिकाम्या गाडीचं वजन जवळजवळ दोन टन. जुनी एमजीबी, १९६२ ते १९८० बनलेली, १.८ लिटरची, ९५ हॉर्सपॉवरची, तिचं वजन टनाच्या आत होतं, ती तशी सडपातळ दिसायची कारण ती होतीच सडपातळ. हिला तसं दिसण्यासाठी मेहनत करावी लागते, आणि मला वाटतं बाजूने ती मेहनत जमलीये. मागच्या खांद्यावरून प्रकाश कसा सरकतो ते मी वाकून वाकून पाहिलं, लग्नातले लोक माझ्याकडे बघत होते.

हे कसं बघायचं ते सांगतो, कारण फोटोत कळतच नाही. आमच्याकडे डेंट काढताना सरळ रेघांची लाईट पॅनेलवर पाडतात, रेघ जिथे वाकते तिथे पत्रा खाली-वर आहे. गाडी बघायला जाशील तेव्हा शोरूमची ट्यूबलाईट तेच काम करते. पुढच्या फेंडरजवळ (पुढच्या चाकावरचा पत्रा) बस, एका ट्यूबच्या प्रतिबिंबावर नजर ठेव आणि हळूहळू मागे चालत जा. रेघ फेंडरवरून दारावर, दारावरून क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकावरचा पत्रा) जाताना तुटते का, उडी मारते का ते बघ. चांगल्या गाडीत ती पाण्यासारखी वाहते. गॅपमध्ये उडी मारली तर शेप कितीही भारी असो, पॅनेल बसवायला पैसे कमी पडलेत. आणि लक्षात ठेव, फुगीर खांदा म्हणजे पत्रा खोल ओढायचा, खोल ओढला की तो फाटायची भीती, मग डाय म्हणजे साचे जास्त, ठोके जास्त, रिजेक्शन जास्त. सपाट बाजू स्वस्त असते. तू ज्याला 'नुसतं दिसणं' म्हणतोस ना, त्याला असा कारखान्यात खर्च येतो.

मागचे दिवे. ठीक आहे, मलाही आवडले नाहीत, तुझ्या बाजूने एक मत धर. पण का आवडले नाहीत ते नीट समजून घे. बाण चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, त्रास असा आहे की बाकी गाडी गोलसर, जुन्या रोडस्टरसारखी (उघड्या छताची दोन सीटांची गाडी) वाहते आणि मागे अचानक कोणीतरी पट्टी घेऊन सरळ रेघा मारल्यासारखं होतं. दोन माणसांनी दोन टोकांकडून गाडी काढली आणि मध्ये भेटले असं काहीसं. पण दिव्यावरून गाडी रद्द करायची तर पोर्शे ९११ पण करावी लागेल. १९९७ ला ९९६ मॉडेल आलं तेव्हा त्याचे हेडलाईट तळलेल्या अंड्यासारखे दिसतात म्हणून लोकांनी किती शिव्या घातल्या. आणि तो शेप आला कशातून? पैसे वाचवण्यातून. हेडलाईट, इंडिकेटर सगळं एकाच युनिटमध्ये, कारखान्यात एका दणक्यात बसतं, आणि पुढची दारांपर्यंतची बाजू स्वस्त बॉक्सस्टरबरोबर वाटून घेतली. २००४ ला पुढचं मॉडेल आलं तेव्हा गुपचूप गोल दिव्यांवर परत आले. म्हणजे बघ, तिकडे लोक 'दिसायला वाईट' म्हणत होते आणि खरं तर ते किंमतीबद्दल बोलत होते, त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

दारं. मित्र दारांवर फिदा आहे, मी पण पाच मिनिटं फिदा होतो. बटण दाबलं की मोटर दार वर उचलते, सेन्सर आहेत, आडवं काही आलं तर थांबते. पण सामान्य दाराला दोन बिजागऱ्या, एक चेक (दार उघडं धरणारी पट्टी) आणि संपलं. इथे मोटर, सेन्सर, वायरिंग, दाराचं सगळं वजन एका टोकाला. कोणी रिक्षावाल्याने दाराच्या कडेला घासलं, आणि इंदूरमध्ये घासणारच, तर साध्या गाडीत मी दार काढून, ठोकून, रंगवून तीन दिवसांत देतो. इथे माझ्यासारख्याने हात लावायचाच नाही, कारण दार परत बसवून गॅप मिळवणं आणि सेन्सर परत शिकवणं हे कंपनीच्याच वर्कशॉपचं काम. हा खर्च ७५ मध्ये नाही, हा नंतर येतो. आणि पावसात, छत कापडी, दार वर, वरचं पाणी कुठे येणार? सीटवर. हे मी कुठे वाचलेलं नाही, बघून कळतं.

रंगाचं एक सांगतो आणि हे मी माझ्या खिशातून शिकलोय. चार रंग आहेत, लाल आणि पिवळ्यावर काळं छत, राखाडी आणि बेजवर लाल छत. मित्राला पिवळा हवाय. पिवळा रंग खालचं झाकत नाही, त्याला खाली नेमक्या शेडचा बेस लागतो आणि हात जास्त मारावे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईकाचा पिवळा फेंडर मी रात्री ट्यूबलाईटखाली मॅच केला, एकदम फर्स्टक्लास दिसत होता, सकाळी गाडी उन्हात काढली तर फेंडर लिंबू आणि दार आंबा. सगळं परत केलं, पैसे घेतले नाहीत, वर त्याला घरी सोडून आलो. आजही पिवळी गाडी आली की मी शेजारच्या पॅनेलवर थोडा थोडा रंग उतरवतो म्हणजे फरक कळू नये, त्यामुळे एका पॅनेलचं काम दोन-तीन पॅनेलचं होतं. पिवळा घेणाऱ्याने एवढं धरून चालावं. मला विचारशील तर राखाडी, लाल छत. त्यात ती बाजूची वळणं पण चांगली दिसतात, पिवळ्यात सगळं एकच डाग होतो.

आता इन्शुरन्स, थोडक्यात, कारण हे कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच जातात. बम्पर, दिव्यांची घरं, प्लॅस्टिक-रबर-नायलॉनच्या सगळ्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, गाडी शोरूममधून कालच आणली असली तरी. त्यामुळे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतल्याशिवाय अशा गाडीचा विचारच करू नये. दुसरं, आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत. दोन वर्षं झाली की ३० टक्के खाली, म्हणजे ७५ चे साडेबावन्न. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस लाखांचा अंदाज निघाला की गाडी गेली. साडेएकोणचाळीस लाख खूप वाटतात, पण खाली बॅटरी आहे हे विसरू नकोस, आणि आपल्या कॉलनीतले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बांधतात ते तुला माहितीये, प्रत्येक घरासमोर प्रत्येकाच्या मर्जीने. खालून घासलेली गाडी वरून चकचकीत दिसते, विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हाच खरं कळतं.

मग ७५ रास्त आहेत का? माझं मत, गाडी म्हणून, आज, या टॅक्समध्ये, हो. बाजूचा पत्रा, दारं, कापडी छत, दोन मोटर, हे सगळं या भावात दुसऱ्या कोणाच्या शोरूममध्ये मिळत नाही. पण मित्र ज्या कारणासाठी घेतोय ते कारण चुकीचं आहे. ३.२ सेकंद कुठे वापरणार, सुपर कॉरिडॉरवर? पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, तिथे रविवारी तुला कोणी सोडत नाही. आणि रेंजचे ५८० किमी आपल्याकडच्या चाचणीचे आहेत, ब्रिटनमध्ये दोन मोटरवालीला त्यांच्या पद्धतीने ४४४ मिळाले, भोपाळला जाऊन यायला दोन्ही चालतील, पण आकडा बोलताना कुठला ते बोलावं. ही गाडी वेगासाठी घ्यायची गाडीच नाही. छत उघडून, मांडू रोडला, पाऊस थांबल्यावर, चाळीस-पन्नासने. तशी घेतली तर दिसण्याला दिलेले पैसे वसूल होतात, कारण सगळ्यात जास्त पैसे दिसण्यालाच दिलेत.

आणि तू म्हणतोस झेड-४ घ्या. झेड-४ चांगली आहे, तिचा पत्रा मी ओळखतो, सहा सिलिंडरचा आवाज पण आहे. पण तिचं लांब बोनेट खरं आहे, खाली इंजिन आहे म्हणून लांब आहे. सायबरस्टरचं बोनेट लांब आहे कारण आपल्याला तसं बघायची सवय आहे. यात फसवणूक काही नाही, महाराजांनी पण सात माणसांच्या लांबीवर दोनच सीटा ठेवल्या होत्या, फक्त दिसण्यासाठी. तुझ्या खिशाला दोन्ही परवडत नाहीत हा भाग वेगळा, त्यामुळे मन लावून भांड.

मित्र मात्र खरंच बुकिंग करणार असेल तर त्याला माझ्याकडून एवढंच सांग, शोरूमला जायच्या आधी घरच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये टेप घेऊन उतर. गाडी १,९१३ मिमी रुंद, ४,५३५ लांब, त्यात दारं वर उघडणारी, म्हणून स्लॅबची खालची बाजू मोज, बीम जिथे खाली येतो तिथून मोज, आणि वरून जाणारा नळाचा पाईप पण धर, तो सगळे विसरतात.